केचिकनचं परतीचं तिकीट आधी रद्द करा

आमच्या ट्रिपची शीट फार देखणी आहे. सोळा ओळी, दर दिवसाला एक. कुठून निघायचं, कुठे नांगर टाकायचा, किती मैल, किती तास, डिझेल किती. हिरवी ओळ म्हणजे बघण्यासारखं काहीतरी, पिवळी म्हणजे किराणा आणि कपडे धुणं. शेवटच्या ओळीत केचिकन, अलास्का, आणि त्यापुढे दुपारच्या विमानाचा नंबर.

ही शीट आमच्या कॅप्टनने बनवली. कॅप्टन म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी ३४ फुटी मोटरबोट घेतली, तेव्हापासून त्याला दुसरं नाव उरलेलं नाही. जुलैमध्ये पाच जणांनी सिएटलच्या उत्तरेला असलेल्या अॅनाकोर्टिसहून निघायचं, कॅनडाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने केचिकन गाठायचं आणि तिथून आम्ही तिघांनी विमानाने परतायचं, असा बेत आहे. त्या तिघांत मी आहे आणि पुण्याहून येणारे कॅप्टनचे वडील आहेत. काका अडुसष्ट वर्षांचे आहेत.

मी या शीटच्या विरोधात लिहितोय. कॅप्टनला हे माहीत आहे. तो म्हणाला, "लिही. पण आधी ट्रिपला ये."

आधी रस्ता समजून घेऊ. याला इनसाइड पॅसेज म्हणतात. वॉशिंग्टनच्या प्युजेट साउंडपासून अलास्कातल्या स्कॅगवेपर्यंत हजारेक मैलांचा जलमार्ग. पॅसिफिक आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बेटांची मोठी रांग आहे. एकटं व्हँकूव्हर बेटच साडेचारशे किलोमीटर लांब. या बेटांच्या आतून गेलं की महासागराच्या लाटा लागत नाहीत. म्हणून प्रत्येक व्हिडिओत, प्रत्येक ब्रोशरमध्ये एकच शब्द येतो : आडोशाचा मार्ग. माझं भांडण या शब्दाशी आहे. आडोसा लाटांपासून मिळतो, आम्ही तो वेळापत्रकालाही मिळेल असं धरून चाललोय.

शीटचं गणित बघा. अॅनाकोर्टिस ते केचिकन साधारण ६०० सागरी मैल. बोटीचा वेग ७ नॉट. म्हणजे ८६ तास. चौदा दिवसांत भागले तर रोज सहा तास आणि थोडं वर. दोन दिवस बफर. "सहा तास तर आपण ऑफिसात मीटिंगमध्ये बसतो," असं कॅप्टनचं म्हणणं. गणितात चूक नाही. मी तीनदा तपासलं. चूक ही आहे की ते सहा तास कोणते, हे आम्ही ठरवू असं शीटला वाटतं.

चौथ्या दिवशी सीमोर नॅरोज येतं. व्हँकूव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधली चिंचोळी खिंड, कॅम्बेल रिव्हर गावाच्या उत्तरेला. भरती-ओहोटीचं पाणी तिथून १५ नॉटपर्यंतच्या वेगाने वाहतं. आमच्या बोटीच्या दुप्पट. या खिंडीच्या मधोमध पूर्वी रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता. त्याने शंभराहून जास्त जहाजं फोडली किंवा बुडवली आणि शंभराहून जास्त माणसं मारली. शेवटी ५ एप्रिल १९५८ ला सरकारने खालून बोगदे खणून तेराशे टनांच्या आसपास स्फोटकं भरली आणि त्याचा माथा उडवून दिला. अणुबॉम्ब सोडले तर तेव्हाच्या सर्वांत मोठ्या नियोजित स्फोटांपैकी तो एक. खडक गेला. पाणी आहे तिथेच आहे.

तिथून छोट्या बोटीने जायचं ते पाणी दिशा बदलताना काही मिनिटं थबकतं तेव्हा. याला स्लॅक म्हणतात. स्लॅक दिवसातून साधारण चारदा येतो आणि दररोज वेळ बदलतो. तो पहाटे पाचला असेल तर तुम्ही पहाटे पाचला तिथे असायचं. दुपारी दोनला असेल तर दोनला. तुमचे सहा तास त्याच्याभोवती वाकतात, तो तुमच्याभोवती वाकत नाही. अलास्काला जाणारी तीनशे मीटर लांबीची क्रूझ जहाजंसुद्धा सीमोर नॅरोजला स्लॅकची वेळ साधून येतात. आमच्या शीटवर त्या दिवशी लिहिलंय : 'निघणे सकाळी ९, नाश्ता करून'.

मी हे दाखवल्यावर कॅप्टनने स्लॅकचा कॉलम घातला. खरंच मनापासून घातला, सगळ्या खिंडींसाठी. आणि त्यात एक तासाची चूक निघाली. कॅनडाचे छापील भरती-ओहोटीचे तक्ते प्रमाणवेळेत असतात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा तो तास आपण मिळवायचा. त्याने काही वेळा तक्त्यातून घेतल्या होत्या, काही अॅपमधून, आणि अॅप घड्याळाची वेळ दाखवत होतं. ज्याने आयुष्यात एकदाही टाइमझोनचा बग प्रॉडक्शनला पाठवला नाही, त्याने हसावं. मी हसलो नाही.

एका तासाने काय बिघडतं? प्रवाहाचा वेग ढोबळमानाने सायनच्या वळणाने चढतो असं धरा. ज्या दिवशी कमाल वेग १४ नॉट आहे, त्या दिवशी स्लॅकनंतर तासाभराने प्रवाह सातच्या जवळ पोहोचलेला असतो. आमच्या बोटीचा वेगही सातच. प्रवाह समोरून असेल तर इंजिन पूर्ण ताकदीने चालू आणि नकाशावरचा ठिपका जागचा हलत नाही. पाठीमागून असेल तर भोवऱ्यांतून आपण फेकले जातोय आणि सुकाणूला काही विचारायची सोय नाही. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या उधाणाच्या दिवसांत, हे सगळं जास्तच.

बरं, नॅरोज पार झालं. पुढे शंभरएक किलोमीटरची जॉनस्टन सामुद्रधुनी. उन्हाळ्यात इथे दुपारी वायव्येचा वारा उठतो. स्वच्छ ऊन, निळं आकाश आणि तीस नॉट वारा. आपल्या डोक्यात वादळ म्हणजे काळे ढग, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. ओहोटीचं पाणी इथे वायव्येकडे जातं, म्हणजे आपल्याला हव्या त्या दिशेला. वारा नेमका त्याच्या तोंडावर येतो. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागे एक येतात. म्हणजे प्रवाह मदत करतो तेव्हा समुद्र वाईट, आणि समुद्र बरा असतो तेव्हा प्रवाह विरुद्ध. यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे : पहाटे निघा, दुपारच्या आत आडोशाला लागा, जमलं नाही तर थांबा. 'थांबा' या शब्दासाठी शीटमध्ये कॉलम नाही.

आणि ज्याला आपण आडोशाचा मार्ग म्हणतोय, तो सलग आडोशाचा नाहीच. व्हँकूव्हर बेट संपलं की क्वीन शार्लट साउंड उघडा पडतो. केप कॉशनपाशी चाळीसएक मैल पॅसिफिक थेट अंगावर असतो. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरचं 'डिस्कव्हरी' जहाज याच भागात खडकावर चढलं, आणि पुढच्या वर्षी त्याने या टोकाला सावधगिरीचं नाव देऊन टाकलं. आजही बोटी त्याआधीच्या बंदरांत थांबतात. वेस्ट सी ऑटर नावाचा बॉय लाटांची उंची कळवतो, एग आयलंड आणि पाइन आयलंडच्या दीपगृहांत अजून माणसं राहतात आणि समुद्र कसा दिसतोय ते रेडिओवर कळतं. ऐकायचं, आणि उद्या परत ऐकायचं. तिथे एक दिवस जातो, कधी चार जातात. ऑगस्टमध्ये वर धुकं असतं, इतकं ठरलेलं की तिथले लोक महिन्यालाच 'फॉगस्ट' म्हणतात. पुढे कॅनडा-अलास्का सीमेवर डिक्सन एंट्रन्स. तोही उघडा.

आमचे बफर दोन. त्यातला एक प्रिन्स रुपर्टला किराणा आणि लाँड्रीसाठी आधीच खर्च झालाय. उरला एक.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं : "अरे, हजारो लोक दर उन्हाळ्यात जातात." जातात. त्यातले बहुतेक निवृत्त आहेत हे कुणी सांगत नाही. मे महिन्यात निघतात, सप्टेंबरला परततात. त्यांच्या बोटी आमच्यापेक्षा फार भारी नसतात. त्यांच्याकडे असलेली महाग वस्तू म्हणजे मंगळवार. आज मंगळवार आहे आणि वारा आहे, तर बुधवारी जाऊ. वायली ब्लँचेट नावाच्या बाईंनी १९२०-३०च्या दशकांत पाच मुलांना घेऊन पंचवीस फुटी 'कॅप्रिस' बोटीतून हा किनारा पालथा घातला. त्यांचं 'द कर्व्ह ऑफ टाइम' हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. कॅप्टनने मला तेच फेकून मारलं : विधवा बाई, पाच पोरं, ना जीपीएस ना रडार, आणि तू घाबरतोस! पण त्या बाईंकडे पूर्ण उन्हाळे होते, एकामागून एक. गुरुवारी दुपारचं विमान नव्हतं.

दुसरा दाखला रेस टू अलास्काचा. २०१५ पासूनची शर्यत, पोर्ट टाउनसेंड ते केचिकन, ७५० मैल, इंजिन लावायचं नाही. पहिलं बक्षीस दहा हजार डॉलर, दुसरं बक्षीस स्टेक कापायच्या सुऱ्यांचा सेट. पहिल्याच वर्षी विजेते पाच दिवसांत पोहोचले. मग आपण सोळा दिवसांत का नाही? कारण त्या शर्यतीत सोडून देणं हा रचनेचाच भाग आहे. आधी व्हिक्टोरियापर्यंतचा चाळीस मैलांचा टप्पा असतो, आणि तो ज्यांना जमला नाही ते तिथेच थांबतात. पुढेही दरवर्षी कितीतरी टीम अर्ध्यातून बाहेर पडतात आणि कुणी त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या शीटमध्ये सोडून द्यायची एकही जागा नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात आधुनिक : "वर स्टारलिंक आहे, तासातासाचा अंदाज मिळतो." छान. अंदाज वारा सांगतो, वारा बदलत नाही. मी रोज डॅशबोर्ड बनवून पगार घेतो. डॅशबोर्ड लाल झाल्यावर लोक काय करतात हे मला माहीत आहे. डेडलाइन जवळ असेल तर ते थ्रेशोल्ड बदलतात. पंधरा नॉटच्या वर निघायचं नाही असं आज ठरवलेलं, बाराव्या दिवशी वीस होतं. 'सकाळी जरा कमी असेल' असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे चौघे त्याचे आभार मानतात.

'आडोसा' हा शब्द किती फसवा आहे ते बघायचं असेल तर लिन कॅनाल बघा. अलास्कातला उंच डोंगरांमधला लांब खाडीसारखा फाटा. ऑक्टोबर १९१८ मध्ये 'प्रिन्सेस सोफिया' हे प्रवासी जहाज स्कॅगवेहून तीन तास उशिरा सुटलं आणि त्याच रात्री, बर्फाच्या वादळात, व्हँडरबिल्ट रीफवर चढलं. चाळीस तास ते खडकावर बसून होतं. मदतीच्या बोटी आल्या, पण लाटांमुळे माणसं उतरवता येईनात. समुद्र शांत होईल म्हणून वाट बघितली. दुसऱ्या दिवशी वारा वाढला, जहाज बुडालं, आणि वरची साडेतीनशेच्या आसपास माणसं, सगळीच्या सगळी, गेली. किनारा डोळ्यांसमोर होता.

तेव्हा रडार नव्हतं म्हणाल. २२ मार्च २००६ च्या मध्यरात्रीनंतर 'क्वीन ऑफ द नॉर्थ' ही मोठी फेरीबोट एक वळण चुकली आणि गिल बेटावर आदळली. रडार होतं, जीपीएस होतं. १०१ पैकी ९९ माणसं वाचली, कारण जवळच्या हार्टली बे या छोट्या गावातले गिटगाट लोक रात्री आपापल्या बोटी काढून निघाले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बेला बेलाजवळ, हाइल्टसुक लोकांच्या पाण्यात, 'नेथन ई. स्टुअर्ट' हा टग खडकावर गेला आणि लाखभर लिटर डिझेल समुद्रात सांडलं. पहाऱ्यावरचा अधिकारी झोपला होता. सहा तास काम, सहा तास सुटी, अशी पाळी होती त्याची.

या तीन अपघातांचं कारण आमच्यासारखी शीट होती असं मी म्हणत नाही. त्यातून मला इतकंच दिसतं की आडोसा म्हणजे दोन्ही बाजूंना खडक. उघड्या समुद्रात दमलेल्या माणसाला चुकायला जागा असते. इथे नसते. आणि सोळा दिवस पहाटे चारला उठणाऱ्या, दिवसा पाण्यातले अर्धवट बुडालेले ओंडके शोधणाऱ्या पाच जणांपैकी चौदाव्या दिवशी ताजं कोण असेल? काका?

आता खरं बोलतो. हा प्रश्न बोटीचा कमी आणि आमचा जास्त आहे. आम्हाला वर्षाला पंधरा दिवस रजा. त्यातून पुण्याला जायचं, लग्नं करायची, आई-बाबांना नायगारा दाखवायचा. त्यामुळे फिरणं म्हणजे 'कव्हर करणं' झालंय. किती स्टेट्स कव्हर झाली, किती नॅशनल पार्क. टूर कंपनीची आठ दिवसांत सात देश वाली जाहिरात बघून हसणारे आम्हीच, आणि आमची शीट तिचीच धाकटी बहीण. एक दिवस नांगर टाकून नुसतं बसलो तर तो 'वाया'. हे मी कॅप्टनला म्हणालो तेव्हा तो चिडला, आणि त्याचं चिडणं चुकीचं नव्हतं. "सहा आठवडे रजा कुणाला मिळते? म्हणजे तुझ्या मते नोकरदाराने अलास्काला जायचंच नाही, फक्त रिटायर्ड गोऱ्यांनी जायचं?" याचं माझ्याकडे गोड उत्तर नाही. विमानाने जा, फेरीने जा. पण स्वतःच्या बोटीने, सात नॉटने, पंधरा दिवसांच्या रजेत जायचं नाही. हो, हा अन्याय आहे. पण तो ज्या ऑफिसने केलाय, त्याची भरपाई डिक्सन एंट्रन्सकडून मागता येत नाही.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळा आला की गेटवेवरून मांडव्याच्या लाँच बंद होतात. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला नारळ पडतो मग बोटी निघतात. त्या दोन महिन्यांत कोळ्यांच्या घरात पैशाची ओढाताण असते, तो काही रोमँटिक विसावा नाही. तरी नाही म्हणजे नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, पुढे दर दिवसाला पाऊण तास. ते गणित सीमोर नॅरोजला चालणार नाही, तिथली भरती वेगळ्या तालाची आहे, आणि ती उत्तरेकडून खाली येते. पण त्या गणितात आधी चंद्र येतो आणि मग माणसाची सोय. आमच्या शीटमध्ये चंद्राचा कॉलम नव्हता. मी घातला, तेव्हा कळलं की चौथा दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतोय.

कॅप्टन बेफिकीर माणूस नाही, हेही सांगायला हवं. त्याने इंजिनाचे सुटे भाग मोजून घेतलेत. काकांच्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, तो त्याने वेळेत काढला. अलास्कात शिरताना केचिकनला हजेरी द्यावी लागते आणि त्याआधी फॉगी बेला रात्र काढायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे त्याला पाठ आहे. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या नकाशांत खोलीचं शून्य वेगवेगळ्या पातळीवर धरतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. जे जे लिहून काढता येतं ते सगळं त्याने केलंय. फक्त दिवस आणले नाहीत.

म्हणून मी दुसरी शीट पाठवली. तीच बोट, तेच सोळा दिवस, जाऊन-येऊन. गल्फ आयलंड्समधून वर, हवामान बघून जॉर्जिया सामुद्रधुनी ओलांडायची आणि डेझोलेशन साउंडला पोहोचायचं. सीमोर नॅरोजच्या अलीकडेच. व्हँकूव्हर बेटाला वळसा घालून दोन्हीकडून येणाऱ्या भरत्या त्या परिसरात भेटतात, पाणी फारसं हलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ते पोहण्याइतकं कोमट होतं. १७९२ मध्ये व्हँकूव्हरला ती जागा इतकी उदास वाटली की त्याने तिला ओसाडीचं नाव दिलं. आता जुलैत तिथे नांगर टाकायला जागा शोधावी लागते. माझ्या शीटमध्ये पाच ओळी कोऱ्या आहेत. त्यांच्यापुढे काहीही लिहिलेलं नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं, "हे पाच दिवस फॉर्म्युला तुटलाय का?"

रविवारी काकांचा फोन आला. "काय रे, भांडलात म्हणे."

"भांडलो नाही काका. मी म्हणतोय अलास्का नको, अलीकडेच थांबू."

"धोक्याचं आहे का? मला खरं सांग."

"रस्ता धोक्याचा नाही. तुमचं विमान धोक्याचं आहे."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला केचिकन काय आणि काय, सारखंच. मला पोरासोबत बोटीत बसायचंय. पण हे मी त्याला सांगितलं तर त्याला वाटेल मी घाबरलो."

मी अजून कॅप्टनला हे सांगितलेलं नाही. तो हा लेख वाचेल तेव्हा त्याला कळेल. तिकिटं रिफंडेबल आहेत, शुक्रवारी रात्रीपर्यंत.